नर्स म्हणून परदेशी जाताना : परवाना आपला, व्हिसा त्यांचा, मग कर्ज कुणाचे?

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सातारा, सांगली, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांतून रोज नर्सिंगच्या मुली उतरतात. कुणी कॉलेजला निघालेली असते, कुणी हॉस्पिटलच्या ड्युटीला, तर कुणी ब्युरोने दिलेल्या बारा तासांच्या घरगुती रुग्णसेवेला. दांडेकर पूल, पर्वती दर्शन, डायस प्लॉट या आसपासच्या वस्त्यांतल्या मुलीही त्यात असतात. यातल्या बऱ्याच जणी आपल्या, म्हणजे बौद्ध आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या आहेत. त्यांच्या मोबाईलवर एकाच तऱ्हेच्या जाहिराती फिरतात : परदेशात नर्सची नोकरी, लाखांत पगार, परीक्षेची कटकट नाही, फक्त फाईल चार्ज भरा.

हा फाईल चार्ज कधी पन्नास हजार असतो, कधी काही लाख. तो आईच्या दागिन्यांतून, बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांतून उभा राहतो. म्हणून ही वाट नेमकी कशी आहे, कोणत्या टप्प्यावर कुणाला किती पैसे द्यायचे आणि कुणाला द्यायचेच नाहीत, हे मुलींनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

मुली का जातात?

कारण इथला पगार. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2016 मध्ये केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. समितीची शिफारस होती की 200 हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या छोट्या रुग्णालयानेही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये. ही शिफारस आजही अनेक ठिकाणी कागदावरच आहे. तीन-चार वर्षे शिकून, रात्रपाळ्या करून घरभाडे भागत नसेल, तर मुलगी बाहेरचा रस्ता शोधणारच. त्यात तिचे काही चुकत नाही.

या कामाचा आणि जातीचाही संबंध आहे. रुग्णाचे मलमूत्र, रक्त, जखमा हाताळणे हे आपल्या समाजाने अनेक पिढ्या हलके मानले. याच पुण्यात 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या कामाला विटाळ म्हटले गेले त्याला त्यांनी माणुसकीचे काम मानले. आज तेच काम जगभर मागणीचे कौशल्य झाले आहे. त्याची किंमत आपल्या मुलींना मिळावी, दलालांना नव्हे.

तीन गोष्टी, तीन दारे

गोंधळाचे मूळ असे की जाहिरातीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच पाकिटात विकल्या जातात.

पहिली गोष्ट परवाना. त्या देशात नर्स म्हणून काम करण्याची परवानगी तिथली नर्सिंग कौन्सिल किंवा आरोग्य प्राधिकरण देते. ती परीक्षा, भाषा आणि कागदपत्रांवर मिळते. कोणताही एजंट ती मिळवून देऊ शकत नाही. तो फार तर अर्ज भरून देईल.

दुसरी गोष्ट नोकरी. ती रुग्णालय किंवा नर्सिंग होम देते. त्याचा पुरावा म्हणजे मालकाने दिलेला लेखी करार.

तिसरी गोष्ट व्हिसा. तो त्या देशाचे सरकार देते, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन गोष्टींची तयारी दाखवल्यावरच. 'आधी व्हिसा काढू, परवान्याचे तिकडे गेल्यावर बघू' असे कुणी सांगितले, तर ती मुलगी बहुधा नर्स म्हणून जात नसते. ती केअरगिव्हर, सफाई कर्मचारी किंवा पर्यटक म्हणून जात असते. केअरगिव्हरचे काम कमी दर्जाचे नाही, पण त्याचा पगार, हक्क आणि पुढची वाट वेगळी असते. काय म्हणून जातोय ते जाण्याआधी कळले पाहिजे.

सुरुवात इथूनच होते

परदेशी कौन्सिल सगळ्यात आधी विचारते, तुम्ही स्वतःच्या देशात नोंदणीकृत नर्स आहात का? आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांच्याशी संलग्न असते. जीएनएम तीन वर्षांचे असते. एएनएम दोन वर्षांचे. यातील बी.एस्सी. आणि जीएनएम झालेलीला परदेशात नर्स म्हणून दाद मागता येते. ब्रिटन-अमेरिकेत केवळ एएनएमवर नर्सचा परवाना मिळत नाही.

आणि गल्लोगल्ली चालणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' असे कोर्स? त्यांवर कौन्सिलची नोंदणी होत नाही. ते केलेल्या मुलीला 'तू नर्स म्हणून परदेशी जाशील' असे सांगणारा सरळ खोटे बोलतो आहे. बारावीनंतर प्रवेश घेण्यापूर्वीच कॉलेजची मान्यता कौन्सिलकडे तपासा. ही पाच मिनिटांची चौकशी पुढची तीन वर्षे आणि लाखभर रुपये वाचवते.

नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परदेशी कौन्सिल आपल्या कौन्सिलकडून थेट पडताळणी मागवते. नूतनीकरण राहून गेले असेल, तर सगळी फाईल तिथेच अडते.

नावाचा घोळ

महाराष्ट्रातल्या मुलींच्या फाईली सर्वांत जास्त अडतात त्या नावावरून. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. लग्नानंतर आधारवर पतीचे नाव लागते, पण नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावानेच राहते. बौद्ध घरांत आणखी एक भर असते. काही कुटुंबांनी धर्मांतरानंतर जातिदर्शक आडनाव टाकून गावावरून आडनाव घेतले. वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि मुलीच्या दाखल्यावर दुसरे असते. आपल्याला यामागचा इतिहास ठाऊक आहे. लंडन किंवा दुबईत बसून फाईल बघणाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात.

यावर उपाय सोपे आहेत, पण वेळेत करायला हवेत. नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. लग्न झाले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा. विहारात झालेल्या मंगल परिणयाचे विहाराने दिलेले पत्र त्यासाठी पुरत नाही, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील विवाह निबंधकाकडे नोंद करावी लागते. आणि लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. पदवी, नोंदणी आणि पासपोर्ट एकाच नावाने ठेवले, तर यातली निम्मी धावपळ वाचते.

चार वाटा

आखाती देश. सौदी, दुबई, अबुधाबी, कतार इथली प्राधिकरणे वेगळी आहेत, पण क्रम साधारण सारखा आहे. आधी 'डेटाफ्लो' नावाची पडताळणी होते. तीत पदवी, नोंदणी आणि अनुभवपत्र ज्यांनी दिले त्यांच्याकडूनच थेट खात्री केली जाते. मग प्रोमेट्रिक केंद्रावर संगणकीय परीक्षा होते. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. नेमक्या याच ठिकाणी एजंट 'अनुभवपत्र मॅनेज करून देतो' म्हणतात. खोटे पत्र पडताळणीत सापडले, तर तो शेरा पुढच्या अर्जांतही आड येतो. खऱ्या नर्सचे करिअर एका खोट्या कागदाने संपू शकते.

आखाताच्या बाबतीत सरकारी नियमही वेगळा आहे. परिचारिकांच्या भरतीतली लूट उघड झाल्यावर केंद्र सरकारने 2015 मध्ये ठरवले की इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या 18 देशांसाठी नर्सची भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी. केरळच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या संस्थांची नावे त्यात सुरुवातीपासून आहेत. आज कोणत्या संस्थेला परवानगी आहे, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. स्वारगेटच्या एखाद्या ऑफिसात बसून कुवेतची भरती करणाऱ्याला हाच पहिला प्रश्न विचारा.

ब्रिटन. इथे परवाना नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल देते. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात 7, तर लेखनात 6.5 गुण लागतात. त्याऐवजी आरोग्य क्षेत्रासाठीची ओईटी परीक्षाही चालते. त्यानंतर संगणकीय परीक्षा भारतातच देता येते. तिचा एक भाग औषधांच्या मात्रेच्या गणिताचा असतो आणि दुसरा नर्सिंगच्या ज्ञानाचा. शेवटची 'ऑस्की' ही 10 टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते. ती पास होईपर्यंत पूर्ण नर्सचे पद आणि पगार मिळत नाही.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. व्हिसासाठी लागणारे 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' मालक देतो. ते उमेदवाराला विकणे हा गैरप्रकार आहे. आणि केअर वर्करच्या नोकरीसाठी परदेशातून नव्याने भरती करण्याची सोय ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बंद केली आहे. तरीही 'केअर व्हिसा' विकणाऱ्या जाहिराती दिसल्या, तर त्यांचा अर्थ तुम्हीच लावा.

जर्मनी. इथे खरी परीक्षा भाषेची आहे. ए1 पासून सुरुवात करून बी1, आणि पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी2 पर्यंत जावे लागते. नोकरी सांभाळून अभ्यास केला, तर वर्षभर सहज लागते. 'तीन महिन्यांत जर्मन' हे खरे नसते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग या भरवशाच्या जागा आहेत. जर्मनीतल्या 16 राज्यांत पदवीची मान्यता देणारी कार्यालये वेगवेगळी आहेत. ती आपला अभ्यासक्रम तपासून तफावत कळवतात आणि मग तिथे पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर काम सहायक म्हणून मिळते.

जर्मन सरकारी संस्थांचा 'ट्रिपल विन' हा कार्यक्रम उमेदवाराकडून पैसे घेत नाही. महाराष्ट्र सरकारनेही 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि त्यात नर्सिंगचा समावेश आहे. पण सरकारांमधला करार म्हणजे तुमच्या हातातले नियुक्तिपत्र नव्हे. 'सरकारी योजनेतून पाठवतो' असे सांगून कुणी पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

अमेरिका. एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा, राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि 'व्हिसास्क्रीन' प्रमाणपत्र हे तीन टप्पे आहेत. एनक्लेक्समध्ये 85 ते 150 प्रश्न असतात आणि वेळ पाच तास. अभ्यासू मुलीला ती जमते. अडचण पुढे आहे. नर्स बहुतेक वेळा ईबी-3 या कायम वास्तव्याच्या वर्गातून जातात आणि भारतात जन्मलेल्यांची तिथली रांग दहा वर्षांहून अधिक लांब आहे. एच-वन-बी व्हिसा साध्या वॉर्डातील नर्सला सहसा मिळत नाही. 'सहा महिन्यांत अमेरिका' हे आश्वासन म्हणूनच विश्वास ठेवण्यासारखे नाही.

पैसे कुणाला, किती?

परीक्षेची फी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, नोंदणीची फी कौन्सिलला, व्हिसाची फी त्या देशाच्या सरकारला. हे सगळे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून भरता येते. लॉगिन आणि पासवर्ड एजंटच्या हाती देऊ नका. अनेक मुलींना आपला अर्ज कुठे पोचला हेसुद्धा एजंटला विचारावे लागते, कारण खाते त्याच्या ईमेलवर उघडलेले असते.

परदेशी भरती करणाऱ्या एजंटकडे 1983 च्या इमिग्रेशन कायद्याखालील नोंदणी असली पाहिजे. त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो आणि त्याची पावती द्यावी लागते. 'कन्सल्टन्सी', 'ट्रेनिंग', 'प्रोसेसिंग' अशी नावे बदलून त्याच कामाचे लाखो रुपये मागितले जातात, तेव्हा हा आकडा समोर ठेवा. मूळ पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे कुणालाही ठेवायला देऊ नका. शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाचा 1800113090 हा विनाशुल्क क्रमांक आहे.

कर्जाचा फास किती घट्ट असतो, हे 2014 मध्ये जगाने पाहिले. इराकमधील तिक्रित शहर अतिरेक्यांच्या ताब्यात गेले तेव्हा तिथल्या रुग्णालयात 46 भारतीय परिचारिका अडकल्या होत्या. बहुतेक केरळच्या होत्या. गोळीबार सुरू असतानाही त्यातल्या काहींना परतण्याची धास्ती वाटत होती, कारण घरी कर्ज होते आणि पगार थकला होता. त्या सुखरूप परतल्या. पण जिवापेक्षा हप्त्याची भीती मोठी वाटावी, अशी वेळ कर्जाने आणली होती.

बाँड वाचल्याशिवाय सही नको

'दोन किंवा तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास इतकी रक्कम भरावी लागेल' हे कलम अनेक करारांत असते. न्यूयॉर्कमधल्या नर्सिंग होमच्या एका समूहाने फिलिपिन्सहून आणलेल्या परिचारिकांवर असाच 25,000 डॉलरचा दंड लादला होता. परिचारिका कोर्टात गेल्या आणि 2019 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ते कलम बेकायदेशीर ठरवले. म्हणजे सही झाली तरी सगळे संपत नाही. पण परक्या देशात कोर्टात जाणे किती जणींना जमेल? सहीआधी वाचणे स्वस्त पडते.

बाबासाहेबांचे परदेशातील शिक्षणही एका करारावर झाले होते. 1913 मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याचे मान्य केले होते. 1917 मध्ये ते शब्द पाळायला बडोद्याला गेले. पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होत राहिला, आणि त्यांना बडोदा सोडावे लागले. करारात वर्षे लिहिलेली होती, माणसासारखे वागवण्याची हमी मात्र नव्हती. म्हणून बाँड वाचताना एवढे पाहा : पगार किती आणि कोणत्या पदाचा, राहण्याची सोय कुणाची, परीक्षा नापास झाल्यास काय, छळ झाला किंवा तब्येत बिघडली तर सुटका कशी, आणि मध्येच सोडल्यास नेमकी किती रक्कम.

शिष्यवृत्तीबद्दलचा गैरसमज

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिचा कारभार पुण्यातील समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. पण ती परदेशात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी करण्यासाठी आहे, नोकरीच्या परवान्यासाठी नाही. तिच्या आधारे नर्सिंगमध्ये मास्टर्स करता येऊ शकते, तरीही त्या देशातला नर्सचा परवाना स्वतंत्रपणे मिळवावाच लागतो. विद्यार्थी व्हिसा म्हणजे नर्सचा व्हिसा नव्हे.

मग सर्वांत मोठा खर्च कशाचा उरतो? भाषेच्या शिकवणीचा आणि परीक्षा फीचा. आपल्या मुली बहुतेक मराठी माध्यमातल्या असतात आणि आयईएलटीएसच्या लेखनात त्या अर्ध्या गुणाने अडकतात. सरकारने मदत करायची तर इथेच करायला हवी. स्पर्धा परीक्षांसाठी प्रशिक्षण देणाऱ्या बार्टीकडे, म्हणजे पुण्यातल्याच संस्थेकडे, परिचारिकांसाठी इंग्रजी आणि जर्मनच्या वर्गांची मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

विहार काय करू शकतो?

प्रत्येक मोठ्या विहारात महिन्यातून एक रविवार या कामाला देता येईल. मुलींनी सगळी कागदपत्रे घेऊन यावे आणि दोन शिकलेल्या कार्यकर्त्यांनी नावे जुळतात का ते तपासावे. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तिथल्या तिथे पाहता येतो. बाँड वाचायला वस्तीतला एखादा वकील बोलवावा. आधी गेलेल्या भगिनींना व्हिडिओ कॉलवर बोलते करावे, कारण पगाराची आणि कापून घेतलेल्या रकमेची खरी पावती त्यांच्याकडेच असते. पाच-सहा जणींनी मिळून अभ्यासगट केला, तर शिकवणीचा खर्च निम्म्यावर येतो.

आणि ज्यांना जायचे नाही, त्यांच्या इथल्या पगाराचा लढा सोडून चालणार नाही. परदेश ही निवड असावी, नाइलाज नसावा. जी जाईल ती परवाना स्वतःच्या नावावर, पासपोर्ट स्वतःच्या हातात आणि डोक्यावर कर्ज न घेता जावी, एवढी जबाबदारी आपण समाज म्हणून घेऊ या.

जय भीम!